केस्लरकडे आत्याची हॅट

हॅट

आमची व्हर्नीसआत्या रविवारी चर्चनंतर बाहेर जेवायला गेली की हॅट काढत नाही. सूप आलं तरी डोक्यावर असते, मासा आला तरी असते, शेवटचं गोड खाऊन बिल आलं तरी असते, आणि तशीच ती दाराबाहेर पडते. डोक्यावर हॅट आहे याचा अर्थ, मी कधीही उठून जाऊ शकते.

उतरली तर मात्र बातमी होते. पुढच्या रविवारी चर्चमध्ये आजाऱ्यांची नावं वाचून झाली, की केकविक्रीच्या सूचनेआधी सिस्टर अर्लीन उभ्या राहतात आणि सांगतात, "अमुक ठिकाणी व्हर्नीसची हॅट उतरली." एवढंच. चव कशी होती, भाव काय होते, कोणी विचारत नाही. पश्चिम बाल्टिमोरमधली निम्मी काळी माणसं त्या आठवड्यात तिथे टेबल मागायला फोन करतात. "उतरली नाही" असं सांगितलं, की त्या हॉटेलचा फोन आमच्या भागातून वाजायचा बंद होतो.

[आत्या: निम्मी नाही. निम्म्याहून जास्त.]

ही गोष्ट मी सांगायला लागलो की आत्या मध्येमध्ये बोलतेच. तिला गप्प बसवणं आजवर कोणाला जमलेलं नाही, म्हणून तिचं बोलणं मी कंसात टाकलंय.


कोण काय बघतं

तिघी आहेत. आत्या, निवृत्त नर्स. सिस्टर अर्लीन गॅडिस, सिस्टर म्हणजे चर्चच्या नात्यानं, एरवी आयुष्यभर पोस्टाच्या खिडकीमागे बसलेल्या. आणि मिस क्लॉडीन टूमर, शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि अजून आहेत असं त्या समजतात. आमची अख्खी गल्ली त्यांना मिस क्लॉडीन म्हणते, त्यांच्याहून मोठे असलेलेसुद्धा.

सिस्टर अर्लीन पाणी बघतात. आपल्यानंतर आलेल्या टेबलावर आपल्याआधी पाणी पोचलं का? मिस क्लॉडीन डोळे बघतात. दारातला माणूस आपल्याकडे बघून हसला, की आपल्या मागे कोणी गोरं उभं आहे का ते बघून? आत्या उरलेलं सगळं बघते. कुठे बसवलं. खांबामागे? संडासाच्या वाटेवर? टेबलाटेबलावर ताजी मिरपूड दळून देत फिरणारा आपल्याकडे वळला की नाही. बिल न मागता आलं का, आणि आमचे लोक वेटरला बक्षीस ठेवत नाहीत असं धरून ते त्यात आधीच जोडून आलं का.

तोंडानं कोणी काही बोलत नाही. जेवण होतं, बक्षीस भरपूर ठेवलं जातं, आणि हॅट तिथेच असते.


दोरी

हॅटच का, असं मला बरेचजण विचारतात. म्हणून ही दोरी.

आत्याच्या आईच्या, म्हणजे माझ्या आजीच्या काळात इथल्या मोठ्या दुकानांमध्ये आमच्या बायकांना हॅट घालून बघायची परवानगी नव्हती. विकत घ्या, खुशाल घ्या, पण डोक्याला लावायची नाही आणि परतही करायची नाही. आजी घरून डोक्याचं माप घेऊन जायची. पर्समध्ये एक सुतळी, तिला गाठ मारलेली. दुकानात ती सुतळी हॅटच्या आतून फिरवायची आणि काचेच्या कपाटामागची बाई दुसरीकडे बघायची.

[आत्या: दुसरीकडे नाही. माझ्याकडे. मी सहा वर्षांची होते आणि हात लावीन म्हणून.]

आत्याच्या घरात आज हॅटचा एक स्वतंत्र खण आहे, खण म्हणजे खोलीच. प्रत्येक हॅट तिनं दुकानात आरशासमोर उभं राहून, निदान अर्धा तास, सगळ्या बाजूंनी बघून घेतलेली आहे.


केस्लर

बंदरावरचं केस्लर फिश हाऊस जुनं आहे, क्रॅबकेकसाठी, म्हणजे खेकड्याच्या मांसाच्या जाड वड्यांसाठी नावाजलेलं. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला एल्टनकाका आत्याला तिथे घेऊन गेले होते. त्यांना बसवलं ते स्वयंपाकघराच्या झुलत्या दारापाशी. दार उघडलं की आत्याच्या खुर्चीला लागायचं आणि हॅटचं पीस पुढे झुकायचं. काकांनी दुसरं टेबल मागितलं. "सगळी राखून ठेवलीत," असं उत्तर आलं. दोघं जेवले. त्या राखून ठेवलेल्या टेबलांवर शेवटपर्यंत कोणी आलं नाही.

ही हकीकत आमच्याकडे दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्कीसोबत वाढली जाते.

आणि मी, लव्हेल प्रुइट, ज्याला आत्यानं लहानाचा मोठा केला, तो गेल्या सप्टेंबरात केस्लरचा मॅनेजर झालो. म्हातारे केस्लर गेले, नातू पीट आला, त्यानं मला बोलावलं. मला ते काम आवडतं. दुपारी दार उघडायच्या आधी पाण्यावरचा उजेड पांढऱ्या टेबलांवर पडलेला असतो आणि अख्खा हॉल माझी वाट बघत असतो. तसं मला दुसऱ्या कुठल्या कामात वाटलेलं नाही.


पैज

आत्या इस्त्री करत होती. मी पलीकडे बसून तिनं केलेला बटाट्याचा सॅलड खात होतो.

"कोणाला कुठे बसवायचं ते तू ठरवतोस म्हणे."

"मीच."

"आणि ते दारापाशचं टेबल?"

"काढून टाकलं, आत्या. पहिल्याच आठवड्यात. तिथे आता मोठी कुंडी आहे."

"मग आता कुंडीला दार लागत असेल."

"एकदा ये तरी."

"मला लोक विचारतात, लव्हेल. ज्या घरात मला हॅट काढता येत नाही त्या घराचं दार माझा पोरगा कोट घालून उघडतो. काय सांगू त्यांना?"

"येऊन बघ आणि मग सांग."

"नाही उतरली तर?"

मला राग आला होता. "तर सोमवारी कोट परत करतो."

इस्त्री थांबली.

"शब्द दिलास."

"दिला."

"घरचा म्हणून सूट नाही हं."

"मागितली कोणी?"

तिनं इस्त्री परत उचलली. "सॅलड संपवू नकोस, अर्लीनला द्यायचाय."

घरी जाताना माझ्या लक्षात आलं की मी माझी नोकरी हॅट केसांत अडकवायच्या एका पिनेला टांगून आलोय.


तालीम

दुसऱ्या मुलांना परीकथा पाठ असतात. मला हॉटेलातले अपमान पाठ आहेत. लहानपणापासून टेबलाखाली बसून तिघींचं ऐकत आलोय. तेव्हा मला वाटलं, सोपं आहे. प्रत्येक अपमान उलटा करायचा.

पाणी उशिरा येतं? त्या बसायच्या आत आणू. कोपऱ्यात बसवतात? खिडकीतलं सगळ्यात चांगलं टेबल. मालक येत नाही? मालक येईल. मिरपूडवाला येत नाही? दोघं येतील.

शनिवारी मी स्टाफला उभं करून सगळं करून घेतलं. ट्रेंट नावाचा एक सभ्य, गोरा, गोड पोरगा आहे, त्याला त्या टेबलावर नेमलं. तो म्हणाला, "सर, मी हसू का?"

"हसत जा."

"किती?"

वांडाला मात्र मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं. वांडा ही वेट्रेस केस्लरमध्ये झुंबरापेक्षा जुनी आहे. पोलिश कुटुंबातली, आडवा बांधा, कानामागे पेन्सिल, आणि तोंडाला कुलूप नाही. बायकांना ती राणी म्हणते, पुरुषांना राजा, आणि मग राणीला आणि राजाला सारखंच झाडते.

"खिडकीतल्या टेबलाकडे उद्या फिरकायचं नाही," मी म्हणालो.

"का? चावतात?"

"तू चावतेस."

"बरं," ती म्हणाली. हे ती कधीच म्हणत नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.


रविवार, खिडकीतलं टेबल, कुंडीमागून ऐकलेलं

(त्या दिवशीची हॅट: वांगी रंगाची, रुंद काठाची, बाजूला तितराचं लांब पीस.)

"अगं व्हर्नीस, दार दोघांनी उघडलं."

"बघितलं मी."

"एवढंसं दार उघडायला दोघं?"

"गप, अर्लीन, पाणी आलं."

"एवढ्यात?"

"नमस्कार मॅडम, नमस्कार मॅडम, नमस्कार मॅडम. मी ट्रेंट."

"तू हसतोयस का रडतोयस, बाळा?"

"हसतोय, मॅडम."

"बरं."

"हे संगीत ऐकलंस का, क्लॉडीन?"

"ऐकलं. सकाळभर आपण चर्चमध्ये हेच गाऊन आलो. ट्रेंट, आम्ही यायच्या आधी इथे काय वाजत होतं?"

"अं... अॅकॉर्डियन, मॅडम."

"तेच लाव."

"नमस्कार! मी पीट केस्लर. तुम्ही आमच्याकडे आलात हा आमचा केवढा मान आहे, खरंच."

"थँक यू. त्या शेजारच्या टेबलावर ती माणसं बसलीत, त्यांनाही असंच म्हणालात का?"

"त्यांना? नाही... ते तर नेहमीच येतात."

"मग मान त्यांचा करा. आम्ही पहिल्यांदाच आलोय."

"व्हर्नीस दुसऱ्यांदा आलीये."

"अर्लीन!"

"मॅडम, आजचं खास म्हणजे तळलेली कोंबडी, हिरव्या पाल्याची भाजी आणि मक्याचा पाव."

(हे मी सांगितलेलं नव्हतं. काळ्या बायका आल्या म्हणून काळ्यांच्या घरचं जेवण, हे पीटचं डोकं. मी कुंडीचं एक पान मुठीत धरलं.)

"हे काल होतं का, ट्रेंट?"

"नाही, मॅडम."

"उद्या असेल?"

"मला नाही वाटत, मॅडम."

"बाहेर पाटीवर काय लिहिलंय?"

"केस्लर फिश हाऊस, मॅडम."

"मग मासे आण, बाळा. मला क्रॅबकेक."

"अगं, परत पाणी. मी एकच घोट घेतला होता गं."

"पिऊ नकोस, अर्लीन. तू प्यायलीस की तो येतो."

"मिरपूड, मॅडम?"

"अजून जेवण यायचंय, बाळा."

"हो, मॅडम. मी थांबतो."


पिनेची गोष्ट

पीट दुसऱ्यांदा आला आणि त्यानं सांगितलं की त्याच्या आजीला गॉस्पेल, म्हणजे आमच्या चर्चमधली गाणी, फार आवडायची. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी तो उभा राहिला.

आजूबाजूची माणसं आता वळून वळून बघत होती. कोण आहेत ह्या? गायिका? महापौरांची आई?

आत्यानं हात वर नेला. तिनं पीन बाहेर काढली नाही. अजून आत खोचली.

मग तिनं बोटानं मला बोलावलं. कुंडीमागचा माणूस तिला आल्यापासून दिसत होता.

"हे सगळं तू सांगितलंस ह्यांना?"

"कोंबडी सोडून सगळं."

"का?"

"तुला कुठे काही खुपू नये म्हणून."

तिनं माझ्या कोटाची कॉलर सरळ केली. आवाज खाली आणला. "बाळा, त्या वेळी त्यांनी मला दारात बसवलं होतं. आज तू मला दुकानाच्या काचेत मांडलंयस. त्या समोरच्या बाईला बघ. तिला पाणी हवं होतं, तिनं हात वर केला, पाणी आलं. मला हात वर करायला फुरसतच मिळेना."

"मग मी आता काय करू?"

"आता काय करणार? जेवण झालं की कोटाची बटणं सोडायला लाग."

तिनं हे हसत म्हटलं, पण शब्द म्हणजे शब्द. सिस्टर अर्लीन रुमालाच्या घड्या घालत बसल्या. त्यांना अगदीच वाईट वाटलं की त्या घड्या घालतात.

[आत्या: मला काही आनंद झाला नव्हता, हेही सांग.]

सांगितलं.


आता जे झालं

आता जे झालं त्यात माझा काहीही हात नाही.

ट्रेंट पाणी भरायला पुढे वाकला, त्याच वेळी सिस्टर अर्लीननी ग्लास झाकायला हात ठेवला, आणि पाण्याचा अख्खा जग ट्रेंटच्याच बुटात गेला. तो बूट फचफचवत आत पळाला. नेमकी त्याच वेळी बंदराची बोट लागली आणि चाळीस-पन्नास भुकेली माणसं दारात आली. सगळे वेटर गुंतले. मी दाराकडे वळलो, आणि मागून आवाज आला.

"हात काढा, राणी, ताट गरम आहे. काढा म्हणते ना. भाजलं तर मला बोलायचं नाही."

वांडा. हातावर तीन ताटं.

"आणि हे पाणी काय सांडलंय इथे? बोट तरायला सोडायची होती का? क्रॅबकेक कोणाचा?"

"माझा," आत्या म्हणाली.

"सॉस बाजूला दिलाय. आधी नुसता खा. लोक सॉसमध्ये बुचकळतात आणि मग मला विचारतात, खेकडा कुठाय?"

"क्रॅबकेक कसा खायचा ते मला कोणी शिकवायला नको."

"सगळे असंच म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण?"

वांडानं हनुवटीनं पलीकडे दाखवलं. बो-टाय लावलेला एक जाडा गोरा गृहस्थ एकटाच जेवत होता. "तो राजा न्यायाधीश आहे. गेल्या रविवारी त्यानंही हेच सांगितलं मला. आणि बुचकळला." मग हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात, "काय राजा, बीन्स कोण खाणार, मी?"

न्यायाधीशांनी मुकाट काटा उचलला.

वांडा पुढे गेली. आत्याची मान तिच्यामागे फिरत होती, हॅटचं पीस होकायंत्राच्या काट्यासारखं वळत होतं. वांडानं एका बाईला सांगितलं की पोराला एवढं लोणी देऊ नका. एका तरुण जोडप्याला म्हणाली, फोन ठेवा, भांडायचं तर समोरासमोर भांडा. पीटला, म्हणजे स्वतःच्या मालकाला, म्हणाली, "वाटेतून सरक, राजा, तू खांब आहेस का?"

आत्यानं क्रॅबकेकचा एक तुकडा तोंडात टाकला. नुसता. सॉसशिवाय. डोळे बारीक केले.

"मोहरी कमी आहे," ती अर्लीनला म्हणाली. हळूच म्हणाली.

वांडा दोन टेबलं पलीकडे होती. ती परत आली.

"काय कमी आहे?"

"मोहरी."

"क्रॅबकेकमध्ये मोहरी नसते."

"नसते?"

"मेयोनेज, अंडं, मसाला. संपलं."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"माझ्या आईनं."

"आणि माझी आई मोहरी घालायची, आणि शुक्रवारी तिच्या दारात रांग लागायची."

"परत करायला आली असतील."

सिस्टर अर्लीनचा काटा ताटात पडला. मी डोळे मिटले. माझ्या आजीबद्दल आमच्या चर्चचे पाद्रीसुद्धा आवाज चढवून बोलत नाहीत.

मग एक आवाज ऐकू आला. घशातून, खोलवरून. मी डोळे उघडले. आत्या हसत होती. ते बाहेर जेवतानाचं ओठ मिटून हसणं नव्हतं. स्वयंपाकघरात अर्लीनसोबत बसून हसते तसं, खांदे हलवत.

"अगं ए बये! जीभ आहे का कात्री? इकडे ये. ये इकडे. हे बघ." तिनं काट्यानं क्रॅबकेक मधोमध फोडला. "हा खेकडा गोड आहे की नाही? आहे. मग त्याला कोणीतरी अडवायला नको? नुसता गोड, गोड, गोड. मोहरी अडवते."

"गोडाला अडवायचं कशाला? खेकडा महाग किती झालाय!" वांडा खाली वाकली.

"वास घे."

"घेतला."

"आणखी जवळून घे."

दोघींची डोकी ताटावर. हॅटचा काठ वांडाच्या कपाळावर आपटला.

"ही तुमची परात बाजूला घ्या, राणी, मला ताट दिसत नाही."

आणि आत्यानं, नजर क्रॅबकेकवरून न हलवता, एक पीन काढली, दुसरी काढली, हॅट उचलली आणि वांडाच्या हातात दिली. "धर. आता दिसतंय? हा लगदा बघ."

वांडानं हॅट धरली. आणि ती हॅट हातात घेऊनच भांडायला लागली. मेयोनेज म्हणताना हॅट इकडे, अंडं म्हणताना हॅट तिकडे. तितराचं पीस वाऱ्यावर.


कोणीही हलायचं नाही

सिस्टर अर्लीननी पाहिलं. त्यांचं तोंड उघडलं. मिस क्लॉडीननी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला आणि ओठांवर बोट ठेवलं.

बरोबर होतं त्यांचं. एक शब्द निघाला असता तरी आत्याचा हात डोक्याकडे गेला असता.

आणि तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडून पीट बाहेर आला. हातात केक. केकवर मेणबत्त्या. मागे फचफचत्या बुटांत ट्रेंट, गाणं म्हणायच्या तयारीत.

मी झेप घेतली आणि दोघांना कुंडीमागे ओढलं.

"कोणाचा वाढदिवस आहे?" मी विचारलं.

"कोणाचाच नाही. मला वाटलं, सहजच..."

"पीट, आता त्या टेबलाकडे कोणी जायचं नाही. केक नाही, गाणं नाही, मिरपूड नाही."

"पण लव्हेल, त्यांचे ग्लास रिकामे आहेत!"

"असू देत."

"रिकामे! तिघींचे!"

"पीट, श्वास घे."

आम्ही तिघं कुंडीच्या पानांतून बघत उभे राहिलो. मेणबत्त्यांचं मेण केकवर ठिबकत होतं. माझ्या कपाळावरचा घाम कोटावर ठिबकत होता.

आत्यानं ग्लास उचलला. रिकामा. तिनं हात वर केला.

"वांडा! पाणी!"

हॉलच्या दुसऱ्या टोकाहून, "आले, राणी! मला पाय दोनच आहेत!"

आणि आत्या पाण्याची वाट बघत, खिडकीबाहेर, बोटींकडे बघत बसली. कोपर टेबलावर. पिकलेले केस हॅटमुळे एका बाजूला चप्प बसलेले.

केक नंतर आम्ही स्वयंपाकघरात खाल्ला. ट्रेंटनं दोन तुकडे खाल्ले. त्याच्या पोटात सकाळपासून काही गेलं नव्हतं.


बाहेर

निघताना आत्यानं माझ्या गालाला गाल लावला. कोटाबद्दल काही बोलली नाही. अजून भांडत होती ती, दारातून मागे वळून. "व्हिनेगरसुद्धा चालेल एकवेळ, पण नुसतं मेयोनेज म्हणजे..."

"जा घरी, राणी, टेबल हवंय मला!"

त्या धक्क्यावरून गाडीकडे चालत गेल्या. पुढे आत्या, मागे दोन हॅटवाल्या. उन्हात आत्याचं डोकं मी त्याआधी कधी पाहिलंच नव्हतं. रविवारी तर नाहीच. मला वाटलं हाक मारावी. मिस क्लॉडीननी मागे न बघताच पाठीमागून हातानं खूण केली: गप्प राहा.


फोन

"लव्हेल, माझी हॅट कुठाय?"

"इथेच आहे, आत्या."

"इथे म्हणजे कुठे?"

"वांडाच्या कोनाड्यात. तिच्या पर्सशेजारी. खाली तिचा स्वेटर घालून ठेवलीय."



"म्हणजे मी तशीच बाहेर पडले?"

"हो."

"उघड्या डोक्यानं? धक्क्यावरून? सगळ्यांसमोर? आणि अर्लीननं गाडीत एक शब्द काढला नाही! क्लॉडीन मला दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणते कशी, व्हर्नीस, आज हवा किती छान आहे नाही! मी म्हटलं, हो गं, डोकं कसं गार गार वाटतंय!"

मी फोन तोंडापासून लांब धरला.

"हसू नकोस."

"नाही हसत. पण आत्या, उतरली म्हणायची ना?"

"मुळीच नाही. उतरली नाही, राहिली. उतरवायची म्हणजे मी ठरवून काढायची आणि माझ्या हातानं खुर्चीवर ठेवायची. चुकून राहिलेली धरत नाहीत."

"पिना कोणी काढल्या?"

पलीकडे कपबशी वाजली.

"आत्या, पिना कोणी काढल्या?"

"ती वाकून बघत होती, तिला दिसेना," आत्या म्हणाली. मग वेगळ्या आवाजात म्हणाली, "मला कळलंच नाही रे. कधी काढली ते कळलंच नाही."

मी हॅटचं वाकलेलं पीस सरळ केलं.

"आणि ऐक. हॅट विसरले म्हणून ते दारापाशचं टेबल विसरले असं समजू नकोस."

"नाही समजत."

"कुंडी तिथेच राहू दे."

"राहील."

"कोट कुठाय तुझा?"

"अंगावर."

"इस्त्री कर त्याला. पाठीवर सगळा चुरगळला होता. मॅनेजरनं कुंडीमागे उकिडवं बसू नये." फोन ठेवता ठेवता म्हणाली, "गुरुवारी येते हॅट न्यायला. वांडाला सांग, मोहरी घेऊन येतेय."


केकविक्रीच्या आधी

पुढच्या रविवारी आजाऱ्यांची नावं वाचून झाली. सिस्टर अर्लीन उभ्या राहिल्या. बायकांच्या हातातले पंखे हलायचे थांबले. माझी नोकरी कशावर टांगली आहे हे एव्हाना अख्ख्या चर्चला माहीत होतं. शेवटच्या बाकावर मी इस्त्रीच्या कोटात बसलो होतो.

"केस्लर फिश हाऊस," सिस्टर अर्लीन म्हणाल्या.

पुढच्या रांगेत आत्या ताठ. डोक्यावर पिवळी हॅट.

"ह्यावर आमच्यात वाद झाला. व्हर्नीस म्हणते राहिली, मी म्हणते उतरली. मिस क्लॉडीननी निकाल असा दिला की गुरुवारपर्यंत थांबावं, ती काय करते ते बघावं." त्यांनी चष्मा नीट केला. "गुरुवारी व्हर्नीस हॅट आणायला गेली. तीन तास बसली. सोमवारीही जाणार आहे म्हणते. हॅट अजून तिथेच आहे."

आधी कोणीतरी मागे "आमेन" म्हणालं. मग सगळं चर्च हसायला लागलं, पाद्रीसुद्धा, आणि त्या गोंधळात केकविक्रीची सूचना कोणालाच ऐकू आली नाही.

दुपारी मी कामावर पोचलो तेव्हा फोन वाजत होता. पीट दोन्ही कानांना दोन फोन लावून उभा होता. वांडाच्या कोनाड्यात स्वेटर, त्यावर वांगी रंगाची हॅट, आणि शेजारी मोहरीची बाटली, निम्मी संपलेली.

[आत्या: बाटली मी ठेवून आले. मुद्दाम. विसरले नाही.]